विड्याचं पान भाजीत मोडतं का?

इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात शोधायचा, की तो ज्या वाक्यात बसला आहे तिथे, हा प्रश्न वर्गातला वाटतो. पण याच प्रश्नावर अकोल्याच्या पानाच्या व्यापाऱ्यांचा विक्रीकर एकदा अडला होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाड विक्रीकर कायदा, १९४७. कायदा इंग्रजीत लिहिलेला. करातून सुटलेल्या मालाची यादी त्याच्या परिशिष्टात होती आणि त्या यादीत ‘व्हेजिटेबल्स’ हा शब्द होता. विड्याची पानं विकणारे म्हणाले, पान वेलीवर येतं, तेव्हा ते व्हेजिटेबलच. आमच्यावर कर बसत नाही. विक्रीकर अधिकाऱ्याने कर लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च १९६१मध्ये निकाल लागला.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या विरुद्ध बाजूलाही तितकंच वजन आहे. म्हणून दोन्ही बाजू दोन माणसांच्या तोंडी दिल्या आहेत. मामांची उभी हयात अकोल्यात विक्रीकराच्या खटल्यांत गेली. भाची तिथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. माणसं कल्पित आहेत, खटले सगळे खरे.

भाची : मामा, माझं म्हणणं सरळ आहे. शब्द अडला की कोश उघडायचा. उताऱ्याखाली प्रश्न असतो, संदर्भावरून अर्थ ओळखा. मुलं काय करतात? ठोकून देतात. लागला तर लागला. कोशात निदान सगळ्यांना तेच छापलेलं दिसतं. शहरातल्या मुलाला एक अर्थ आणि पातूरच्या मुलीला दुसरा, असं तिथे होत नाही.

मामा : पानवाल्यांची भिस्त कोशावरच होती. इंग्रजी कोशात व्हेजिटेबल म्हणजे वनस्पतीचं, वनस्पतीपासून झालेलं किंवा तिच्या कुठल्याही भागापासून मिळालेलं. आता हा अर्थ घेऊन बाजारात चल. लाकूडफाटा व्हेजिटेबल, सुंभ व्हेजिटेबल, कापसाच्या गाठी व्हेजिटेबल. वऱ्हाडातला सगळा कापूस करातून सुटला असता. कायदा करणाऱ्याच्या मनात हे असणं शक्य आहे का?

भाची : पण त्याच नोंदीत खाली खाण्याच्या भाजीचा अर्थही दिलेला असतो. कोशाने तो लपवलेला नाही.

मामा : लपवलेला नाही, पण दोनपैकी कुठला घ्यायचा हे तरी कोशाने सांगितलं का? अमेरिकेत टोमॅटोचा खटला झाला होता, १८९३चा. तिथे १८८३च्या जकात कायद्याप्रमाणे बाहेरून येणाऱ्या भाजीवर दहा टक्के जकात आणि फळं माफ. निक्स नावाच्या व्यापाऱ्याने वेस्ट इंडीजमधून टोमॅटो आणले होते. न्यूयॉर्क बंदराच्या जकात अधिकाऱ्याने भाजी म्हणून जकात घेतली. निक्सचं म्हणणं, हे फळ आहे. वकिलाने भर न्यायालयात तीन कोश वाचून दाखवले, फळ म्हणजे काय, भाजी म्हणजे काय. मग टोमॅटोची व्याख्या वाचली. तेव्हा सरकारचा वकील उठला आणि त्याने वाटाणा, वांगं, काकडी, मिरची यांच्या व्याख्या वाचल्या. कारण बी पोटात धरणारी ती सगळीच वनस्पतिशास्त्राने फळं. त्यावर निक्सच्या वकिलाने बटाटा, कोबी, फ्लॉवर, गाजर वाचून दाखवलं. दोन्हीकडून कोश, आणि प्रश्न होता तिथेच.

भाची : साक्षीदार नव्हते?

मामा : होते. तीस-तीस वर्षं फळं-भाज्यांच्या धंद्यात काढलेली माणसं. त्यांना विचारलं, या शब्दांना तुमच्या धंद्यात काही वेगळा अर्थ आहे का? ते म्हणाले, नाही. मग न्यायालयाने जेवणाचं टेबल पाहिलं. टोमॅटो लोक सूपबरोबर, मासळी-मटणाबरोबर खातात. शेवटी गोड म्हणून कोणी खात नाही. झाडाच्या हिशेबाने फळ असलं तरी लोकांच्या बोलण्यात ती भाजी. जकात कायम राहिली. कोशाबद्दलही न्यायालयाने साफ सांगितलं की तो आम्हाला आठवण करून द्यायला उपयोगी आहे, पण तो पुरावा नव्हे.

भाची : म्हणजे नऊ न्यायाधीश काय जेवतात त्यावर शब्दाचा अर्थ ठरला. मला याचीच धास्ती वाटते. कोश छापलेला असतो, तो पानवालाही विकत घेऊ शकतो. ‘लोकांचं बोलणं’ मात्र कुठे छापलेलं नसतं. ते काय आहे हे शेवटी खुर्चीवर बसलेला माणूस सांगतो. संदर्भ म्हटलं की दुबळ्याच्या हातातली एकुलती एक छापील गोष्ट काढून घेता तुम्ही.

(भाचीचा हा मुद्दा मला या सगळ्या वादातला सर्वांत खरा वाटतो. शब्दाचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरल्याशिवाय संदर्भ या शब्दाला काही धर राहत नाही.)

मामा : तुझी धास्ती खोटी नाही. म्हणून तर संदर्भाला शिस्त हवी. अकोल्याच्या निकालात ती दिसते. परिशिष्टात नोंद क्रमांक ६ होती ‘व्हेजिटेबल्स’. आणि त्याच यादीत पुढे नोंद क्रमांक ३६ होती, विड्याची पानं. म्हणजे सुरुवातीला दोन्ही माल करमुक्त होते, पण वेगवेगळ्या नावाने. १९४८च्या दुरुस्तीने ३६ क्रमांकाची नोंद वगळली. सहावी तशीच राहिली. आता सांग, कोणाची मर्जी आली यात? दोन्ही नोंदी छापलेल्याच आहेत की. पान जर भाजीतच धरायचं होतं तर आधी त्याला वेगळी ओळ कशाला दिली? आणि करमुक्तच ठेवायचं होतं तर ती ओळ काढली कशाला?

भाची : त्याचं उलटं उत्तरही देता येतं. कोणाच्या तरी लक्षात आलं असेल, की अरे, पान तर भाजीतच आलं, हे दोनदा लिहिलं गेलं. म्हणून जास्तीची ओळ काढली.

मामा : देता येतं. पण नुसती पुनरुक्ती कोणाला बोचत नाही. कायद्यांत ती ढिगाने सापडते. दुरुस्तीचं विधेयक आणून एखादी ओळ उडवतात ती काही तरी बदलायचं असतं म्हणून. न्यायालयानेही हेच धरलं, की ओळ काढली याचा अर्थ सूट काढली. आणि त्याच्या जोडीला दुसरं सूत्र सांगितलं. शब्द घ्यायचा तो वनस्पतिशास्त्राचा म्हणून नव्हे, तर तो माल रोज हाताळणारी माणसं ज्या अर्थाने घेतात त्या अर्थाने. परसात पिकते आणि जेवणात येते ती भाजी.

भाची : इथेच मला तुम्हाला थांबवायचं आहे. रोज हाताळणारी माणसं म्हणता. अकोल्याच्या बाजारात १९४७ साली व्हेजिटेबल म्हणणारं कोण होतं? पानमळ्यातला बारी म्हणत होता, की करंडी उचलणारा हमाल? त्या शब्दाचं ‘लोकांचं बोलणं’ अकोल्यात नव्हतंच. जो शब्द लोकांच्या तोंडात नाही, त्याचा लोकांच्या तोंडातला अर्थ कसा काढणार?

मामा : काढणारच नाही. शब्द इंग्रजी होता, पण प्रश्न मराठी बाजाराला विचारला गेला. घरच्या माणसाला सांगितलं, जाताना भाजी घेऊन या, आणि तो विड्याची पानं घेऊन आला, तर घरात काय ऐकून घेईल? पानं ओल्या फडक्यात गुंडाळून शेकड्याने विकतात. भाजीवाल्याच्या पाटीत मेथी असते, अळूचं पान असतं, तेही पानच. पण अळू शिजतं आणि ताटात येतं. विड्याचं पान ताट उचलल्यावर येतं. हा फरक ज्याला कळतो त्याला इंग्रजी येण्याची गरज नाही. कायद्याचा मसुदा लिहिणारा इंग्रजीत लिहीत होता, पण तो कर लावत होता या बाजारावर.

भाची : मग तसं लिहायचं होतं.

मामा : बंगालने लिहिलं. त्यांच्या १९४१च्या विक्रीकर कायद्यात नोंद होती : हिरव्या किंवा सुकवलेल्या भाज्या, ज्यांना सर्वसाधारणपणे सब्जी, तरकारी किंवा शाक म्हणतात. इंग्रजी कायद्याच्या पोटात तीन देशी शब्द. त्यावर १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ओल्या आल्याचा प्रश्न आला. सरकार म्हणत होतं, आलं नुसतं चवीपुरतं. त्याची भाजी कोण करतं? न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की ओलं आलं भाजीच. भाजीवाल्याच्या दुकानात ते असतं आणि बाजारात गेलेली गृहिणी ते भाजीतच धरते. स्वयंपाकात पडतं तेवढं पुरे, त्याची वेगळी भाजी व्हायला हवी असं नाही.

भाची : आणि तेच आलं आज जीएसटीच्या यादीत कुठे आहे, पाहिलंत? नवव्या प्रकरणात. चहा, कॉफी आणि मसाल्यांचं प्रकरण. भाज्या सातव्यात. ओलं आलं करमुक्त आहे, पण मसाल्यांच्या रांगेत उभं राहून. आणि विड्याच्या पानांना परत त्यांची स्वतःची नोंद मिळाली आहे, आकड्यासकट, शून्य कर. कोणाला भाजी म्हणायचं हा वादच नको म्हणून जगाने आकडे लावले. हा माझ्या बाजूचा पुरावा आहे. नेमकं लिहा, म्हणजे ओळखायला लागत नाही.

मामा : नेमकं लिहावं, मान्य. पण ते लिहून होण्याआधी जो खटला उभा राहतो त्याचं काय? आणि बोलीचं काय? तुझी पुण्याची जाऊ पहिल्यांदा इथे आली, तेव्हा भाजीवालीने सांभार हवा का विचारलं, तर तिला डाळीचं सांबार आठवलं. पण बाईच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, म्हणून तिला लगेच उमगलं. कोश काढला का तिने?

भाची : हातात जुडी होती म्हणून, मामा! माझ्या मुलांच्या हातात जुडी कुठे असते? तुम्ही म्हणता शेजारच्या शब्दांवरून ओळखा. पण शेजारचे शब्द तरी ओळखीचे हवेत. मराठीत ‘पानं घेतली’ म्हटलं की मी जेवायला उठते, ‘पान उलट’ म्हटलं की पुस्तकाला हात घालते, ‘पान लावून दे’ म्हटलं की चुन्याची डबी शोधते. कारण मराठी माझी आहे. इंग्रजी त्या मुलांची झालेली नाही. पॉल नेशन आणि त्यांच्या एका सहकारी संशोधिकेचा २००० सालचा अभ्यास आहे. कथेचा उतारा कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले शंभरातले सुमारे ९८ शब्द आधी माहीत असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. पाचातला एक शब्द अनोळखी असेल, तर त्यांच्या अभ्यासात एकालाही उतारा पुरेसा कळला नाही. माझ्या अकरावीच्या वर्गात पाचातला एक अनोळखी असणारी मुलं कितीतरी आहेत. त्यांना ‘संदर्भावरून ओळखा’ म्हणणं म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याला आणखी देणं.

मामा : हे मला माहीत नव्हतं. शंभरात दोन?

भाची : शंभरात दोन. तुमच्या खटल्यांतले वकील आणि न्यायाधीश त्या ९८च्या वर बसलेले होते. त्यांचा एक शब्द अडला होता, बाकी कायदा त्यांना तोंडपाठ. आणि शेजारचे शब्द फसवतात, हेही तुम्हीच मला सांगितलं होतं. जे.जे.चा खटला.

मामा : हो. १९६०चा. मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा. जे.जे. समूहाच्या रुग्णालयांतल्या वॉर्डात काम करणाऱ्या दोन बायकांना कामावरून कमी केलं. कपातीची भरपाई मिळायची तर रुग्णालय हा ‘इंडस्ट्री’ ठरायला हवा. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या व्याख्येत शब्द होते बिझनेस, ट्रेड, अंडरटेकिंग, मॅन्युफॅक्चर. सरकारने म्हटलं, शेजार बघा. धंदा, व्यापार, कारखानदारी यांच्या मध्ये बसलेला ‘अंडरटेकिंग’ म्हणजेही नफ्याचाच उद्योग. त्यात रुग्णसेवा कशी येईल? लॅटिन सूत्र आहे त्यासाठी, शब्द सोबत्यांवरून ओळखावा.

भाची : आणि न्यायालयाने?

मामा : गजेंद्रगडकरांनी ते नाकारलं. त्यांनी सांगितलं, शब्दाच्या अर्थाबद्दल शंका असेल तेव्हा सोबत बघायची. जिथे कायद्याने मुद्दाम ऐसपैस शब्द घातला आहे, तिथे शेजाऱ्यांच्या नावावर तो आखडायचा नाही. कायदा कामगारांचे तंटे मिटवण्यासाठी आहे, हे त्यांनी पाहिलं. रुग्णालय इंडस्ट्री ठरलं.

भाची : म्हणजे पानाच्या वेळी शब्द आखडला, रुग्णालयाच्या वेळी सैल सोडला. दोन्हीकडे नाव संदर्भाचंच. मुलाने परीक्षेत कुठला नियम लावायचा?

(मामा इथे थोडे अडतात, आणि अडायलाच हवं. पण मला त्यांच्या दोन खटल्यांत विसंगती दिसत नाही. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला गेला : हा मजकूर कोणी, कोणासाठी, काय साधायला लिहिला? पानाच्या खटल्यात तो कराच्या सुटीची यादी होता, रुग्णालयाच्या खटल्यात कामगाराला दाद मिळवून देणारा कायदा. शेजारचे शब्द हा त्या उत्तराचा फक्त एक भाग.)

मामा : नियम एवढाच सांगेन, की वाक्याच्या बाहेरही बघायला शिकव. तू ‘टेबल’ शिकवतेस ना? टेबल करणे हे क्रियापद?

भाची : शिकवते. ते माझ्या आवडीचं आहे. इंग्लंडमध्ये प्रस्ताव टेबल करणं म्हणजे चर्चेला मांडणं, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवून देणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी एका बैठकीत याच शब्दावर बराच वेळ भांडले आणि मागाहून कळलं की दोघांनाही एकच हवं होतं. चर्चिलने आपल्या युद्धाच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. आपल्या विधानसभेतही अहवाल पटलावर ठेवतात, तो मांडला जातो.

मामा : मग तिथे शेजारचा शब्द काय सांगणार होता? वाक्य तेच, शब्द तेच. बोलणारा लंडनचा की वॉशिंग्टनचा, एवढ्यावर अर्थ फिरतो.

भाची : आणि मामा, शब्दाला असे दोन उलटे अर्थ आहेत हेच मुलाला आधी कुठून कळणार? कोशातूनच. संदर्भाने निवड होईल, पण निवडायला अर्थ समोर लागतात. ‘सँक्शन’चं बघा. बाबांचं कर्ज सँक्शन झालं हे प्रत्येक मुलाने घरी ऐकलेलं आहे. मग बातमीत येतं, रशियावर सँक्शन्स लादले. ऐकलेल्यावरून ओळखायचं तर रशियाला मंजुरी मिळाली! वर्गात एक मुलगा ‘लादले’च्या इंग्रजी शब्दापाशी अडला. मंजुरी कोणी लादत नाही, म्हणाला. तिथे त्याला शंका आली, ती संदर्भाने दिली. निर्बंध हा अर्थ मात्र त्याला कोशातच मिळाला.

मामा : हे मला पटलं. शंका संदर्भाने, अर्थ कोशाने.

भाची : आणि खात्री पुन्हा संदर्भाने; तेवढं मी तुमचं घेते. मिळालेला अर्थ वाक्यात बसवून मी त्यांना मोठ्याने वाचायला लावते. पण माझी मागणी सोडणार नाही. परीक्षेत कोश जवळ ठेवू द्यावा. पाठांतर तपासायचं नाही ना? मग अर्थांच्या यादीतून नेमका अर्थ निवडता येतो का, हे तपासा. ते जास्त अवघड आहे आणि ते खरं वाचन आहे.

मामा : कोश दिलास की मुलं पहिला अर्थ उतरवतील. पानवाल्यांनी तेच केलं.

भाची : पहिला उतरवणाऱ्याला गुण नाहीत. पानवाल्यांनाही मिळाले नाहीत.

मामा : मग एक कर. ते परिशिष्ट मुलांसमोर ठेव. सहावी नोंद आणि छत्तिसावी. निकाल सांगू नकोस. पान भाजीत मोडतं की नाही ते त्यांना ठरवू दे, आणि कशावरून ठरवलं ते लिहायला सांग. आल्याचं नाव शेवटपर्यंत काढू नकोस, नाही तर गोंधळतील.

भाची : नाही, मी आल्यापासून सुरू करणार. आलं भाजीत आलं की मुलं एक नियम बांधतील : भाजीवाल्याकडे मिळतं ते व्हेजिटेबल. मग मी त्यांना विचारीन की कोपऱ्यावरचा भाजीवाला विड्याची पानंही ठेवतो, त्याचं काय?

मामा : तो ठेवतो?

भाची : सणासुदीला ठेवतो. पूजेला लागतात.

मामा : मग हे खटल्यात कोणी मांडायला हवं होतं.